कॅम्प दापोलीचा हवालदार

दापोलीच्या आसपासचा नकाशा कुणीही एकदा निवांत पाहावा. समुद्रालगत मुरूड, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. थोडं आत चिखलगाव, लोकमान्य टिळकांचं मूळ गाव. दापोलीच्या शाळेत भारतरत्न पांडुरंग वामन काणे शिकले, साने गुरुजीही शिकले. शेजारच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. आणि दापोलीजवळच वणंद, त्यांच्या पत्नी रमाबाईंचं माहेर. रत्नागिरी जिल्ह्याच्या एवढ्याशा उत्तर कोपऱ्यानं देशाला एवढी माणसं दिली, याचं नवल मला दरवेळी नव्यानं वाटतं.

या यादीत आणखी एक नाव असायला हवं. ते फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि मला ते बाकीच्या नावांइतकंच विलक्षण वाटतं. गोपाळ कृष्ण वलंगकर. लोक त्यांना गोपाळबाबा म्हणत. 1840 च्या सुमारास महाडजवळच्या रावढळ गावी, महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढं फौजेत भरती, हवालदारपदापर्यंत बढती, 1886 मध्ये निवृत्ती आणि मग कॅम्प दापोलीत मुक्काम. इथपर्यंतची कहाणी त्या काळच्या कोकणातल्या कितीतरी सैनिकांची होती. त्यानंतर मात्र या माणसानं जे केलं, ते त्याच्या समाजात त्याच्याआधी जवळजवळ कुणीच केलं नव्हतं. त्यांनी पुस्तिका लिहिली आणि वर्तमानपत्रांतून वाद घातले. संघटना उभी केली आणि फौजेच्या दारावर अर्ज घेऊन थडकले. शेवटी तालुक्याच्या कारभारात ते खुर्चीवर बसले. डॉ. आंबेडकरांचा जन्म होण्याआधीच दापोलीत एक निवृत्त हवालदार अस्पृश्यतेविरुद्ध छापील अक्षरांत लढत होता.

हे दापोलीतच का घडलं? पुणं नाही, मुंबई नाही, एक आडबाजूचं कोकणातलं गाव. या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की समाजाचा इतिहास कसा आकार घेतो याचा एक भाग आपल्यासमोर उलगडत जातो.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि दक्षिण कोकण इंग्रजांच्या ताब्यात आलं. तिथं पलटण ठेवायला जागा हवी होती. किनाऱ्यावरचा उकाडा आणि दमट हवा गोऱ्या अधिकाऱ्यांना सोसेना. दापोलीचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 800 फूट उंच, वारा खेळता, आणि हर्णैचं बंदर जवळच. तिथं छावणी पडली. गावाला कॅम्प दापोली हे नाव पडलं, लोकांच्या तोंडी त्याचं ‘काप दापोली’ झालं आणि आजही जुनी माणसं तसंच म्हणतात. कालांतरानं पलटणी हलल्या, पण पेन्शनर राहिले. सगळं आयुष्य फौजेत काढलेला माणूस निवृत्तीनंतर आपल्या गावात परत जाण्यापेक्षा कॅम्पात घर बांधणं पसंत करायचा. महार, चांभार समाजातल्या सैनिकांची अशी बरीच कुटुंबं दापोलीत स्थिरावली होती. त्यांनी गाव का टाळलं असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. छावणीत ज्याला सलाम मिळत होता, त्याला गावात वेशीबाहेर राहायचं होतं.

मुंबई लष्कराची घडण इथं लक्षात घ्यावी लागते. बंगालच्या लष्करात उच्चवर्णीय शिपायांचा वरचष्मा होता. मुंबईच्या लष्करात जातींची सरमिसळ होती. एकाच पलटणीत मराठा, महार, मुसलमान, उत्तरेकडचे परदेशी असे सगळे असायचे. बढती बऱ्याच अंशी सेवेच्या वर्षांवर आणि कामावर मिळायची. शिपाई, नाईक, हवालदार, मग जमादार, सुभेदार आणि शेवटी सुभेदार-मेजर. या शिडीच्या वरच्या पायरीवरचा सुभेदार-मेजरसुद्धा कालच विलायतेहून आलेल्या कोवळ्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या खालीच असे, हे खरंच. तरीपण खालच्या पायऱ्यांवर जे घडत होतं ते त्या काळाच्या मानानं थक्क करणारं होतं. महार सुभेदारानं हुकूम द्यायचा आणि वरच्या जातीच्या शिपायानं टाच जुळवून तो पाळायचा. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाईंचे वडील, मुरबाडकर, असेच सुभेदार-मेजर होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार. 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर कोरेगाव भीमाला जो स्तंभ उभा राहिला, त्यावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ लागलेली महार सैनिकांची नावं किती आहेत, हे तिथं जाऊन पाहणाऱ्याला आपोआप दिसतं.

पण केवळ सलामानं राजकारण उभं राहत नाही. त्यासाठी पोटाचा प्रश्न सुटावा लागतो. माझ्या मते दापोलीच्या कोड्याची खरी किल्ली आहे ती पेन्शन.

त्या काळातल्या कोकणातल्या गावाची रीत डोळ्यांसमोर आणा. जमीन खोताच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, हाती. कुळानं कसायची आणि पिकाचा अर्धेल किंवा तिर्धेल वाटा खोताच्या घरी पोचवायचा. वर वेठ, म्हणजे खोताच्या शेतात, खोताच्या घरी फुकट राबणं. अस्पृश्य कुटुंबांवर याखेरीज गावकीची कामं: सरकारी निरोप पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची, राखण करायची. मोबदला रोकड नसे. धान्य, कधी भाकरी. या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा धाक म्हणजे ती कधीही बंद पाडता येई. एखाद्यानं मान वर केली तर गावानं वाळीत टाकायचं, काम बंद, दाणा बंद, पाणी बंद. चार दिवसांत माणूस हात जोडून परत यायचा. हजारो वर्षं टिकलेल्या अन्यायाच्या मुळाशी हा रोजचा धान्याचा हिशोब होता.

आता याच चित्रात पेन्शनर आणून ठेवा. त्याचे पैसे सरकारी खजिन्यातून, रोख, ठरल्या हिशोबानं. खोताची मर्जी राहिली काय आणि गेली काय, त्या पैशांना धक्का लागत नव्हता. गावानं वाळीत टाकलं तरी पेन्शन थांबत नव्हती. रक्कम फार मोठी नसेल, पण ती त्याची होती, त्यानं बंदुकीच्या जोरावर आणि घामावर कमावलेली होती आणि गावातल्या कुणाच्याही हातात तिचा दोर नव्हता. अस्पृश्य समाजाच्या इतिहासात अशी माणसं, एकाच ठिकाणी, एवढ्या संख्येनं प्रथमच एकत्र आली ती अशा छावणीच्या गावांत. दापोली त्यांतलं आघाडीचं.

पेन्शनच्या जोडीला शाळा आली. पलटणीबरोबर शाळा असायची. शिपायांच्या मुलांना दिवसा शिकवत, शिपायांनाही अक्षरओळख करून देत. जिथं गावच्या शाळेच्या पायरीवर पाय ठेवायची मुभा नव्हती तिथं फौजेत लिहिणं-वाचणं जवळपास सक्तीचं होतं. मुलींनाही. रामजी सकपाळ लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते, आणि त्यांच्या घरातल्या बायकाही वाचू शकत होत्या. बाबासाहेबांनी आयुष्यभर ही गोष्ट अभिमानानं सांगितली. आपल्या समाजाच्या जागृतीचं श्रेय त्यांनी लष्करातल्या शिक्षणाला दिलं आहे. बाकीच्या महाराष्ट्रात सावित्रीबाई आणि जोतीराव शेणामातीचा मारा सोसत शाळा चालवत होते, त्याच काळात छावण्यांमध्ये मुकाट्यानं एक साक्षर पिढी तयार होत होती. इतिहासाच्या पुस्तकांत या शाळांना दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत, याची मला फार खंत वाटते.

आणखी एक गोष्ट फौजेनं शिकवली, आणि ती माझ्या नजरेत साक्षरतेइतकीच मोलाची आहे. फौजेत तक्रारीला वाट असते. शिपायानं हवालदाराकडं जायचं, हवालदारानं जमादाराकडं, तिथं दाद लागली नाही तर वर, त्याच्याही वर. लेखी. तारखेसह. ठराविक नमुन्यात. अन्याय म्हणजे नशीब, असं गावात शिकवलं जाई. अन्याय म्हणजे अर्जाचा विषय, असं छावणीत शिकवलं जाई. गोपाळबाबांच्या पुढच्या सगळ्या हालचालींत ही सवय दिसते. ते कुठंही नुसतं रडगाणं गात नाहीत. प्रश्न मांडतात, पुरावा देतात, मागणी करतात आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्याच पत्त्यावर पाठवतात.

निवृत्त होऊन दापोलीत आल्यावर गोपाळबाबांवर जोतीराव फुल्यांच्या विचारांचा गाढ परिणाम झाला. सत्यशोधक समाज 1873 मध्ये स्थापन झाला होता, ‘गुलामगिरी’ही त्याच वर्षीची. ‘दीनबंधु’ हे वर्तमानपत्र 1877 पासून निघत होतं. गोपाळबाबांचा हिंदू धर्मग्रंथांचा अभ्यास चांगला होता, पदं रचायची हातोटी होती. ते ‘दीनबंधु’त लिहू लागले, आगरकरांच्या ‘सुधारका’तही लिहिलं. आणि 1888 च्या सुमारास ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका आली. समाजातल्या वरच्या वर्गाला उद्देशून त्यात 26 प्रश्न होते.

या 26 प्रश्नांवर थांबायलाच हवं. निवृत्त हवालदाराला समाजाचा अन्याय मांडायचा होता. त्यानं प्रवचन दिलं नाही, शिव्याशाप दिले नाहीत. प्रश्न विचारले. जाब विचारायची ही रीत सैनिकाची आहे: समोर उभं राहायचं, नजर खाली घालायची नाही आणि एकेका मुद्द्याचं उत्तर मागायचं. विटाळ कुठून आला, कुणी ठरवला, त्याला आधार काय? ज्यांना शतकानुशतकं फक्त उत्तरं द्यायला उभं केलं, त्यांच्यातला एकजण प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिला. मराठीतल्या वैचारिक लेखनाचा आपण केवढा अभिमान बाळगतो. त्या परंपरेत या पुस्तिकेचं स्थान मोठं आहे आणि ते अजून पुरतं मान्य झालेलं नाही.

याच काळात त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन केली. फुल्यांच्या मांडणीप्रमाणं अस्पृश्य हे या भूमीचे मूळचे लोक, आर्यांनी त्यांना जिंकून खाली ढकललं, असं गोपाळबाबा मांडत. पुढं फौजेकडं अर्ज करताना त्यांनी दुसरीही मांडणी केली: आम्ही मुळात क्षत्रिय, 1396 च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात निषिद्ध अन्न खावं लागलं म्हणून खाली लोटलो गेलो. या दोन मांडण्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि काही अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवलं आहे. मला त्यात दोष दिसत नाही. मानवी हक्क नावाची कल्पनाच ज्या समाजात कुणी मान्य करत नव्हतं, तिथं तो माणूस जे कान ऐकतील त्यांना पटेल असा पुरावा शोधत होता. गोऱ्या सेनापतींना लढवय्या वंशाची भाषा कळत होती, म्हणून त्यांच्याशी त्या भाषेत. आपल्या लोकांना स्वाभिमानाची भाषा हवी होती, म्हणून त्यांच्याशी त्या भाषेत. दोन्हीकडं मागणी मात्र एकच होती.

हे प्रश्न केवळ कागदावरचे नव्हते, हे दापोलीच्या शाळेवरून कळतं.

1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला आणि त्याला नकार मिळाला. प्रकरण लंडनपर्यंत गेलं आणि नंतर धोरण ठरलं की सरकारी खर्चानं चालणारी शाळा सर्व जातींना खुली. कागदावर. त्यानंतर जवळजवळ 35 वर्षांनी, 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला, दापोलीच्या महार आणि चांभार पेन्शनरांनी आपली मुलं गावच्या शाळेत पाठवायचं ठरवलं. वरच्या जातींच्या पालकांनी हरकत घेतली. मुलांना वर्गात बसवायला विरोध झाला आणि त्यांच्या वाट्याला आला तो शाळेचा व्हरांडा.

दापोलीचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना व्हरांडा म्हणजे काय ते सांगायला नको. या गावात वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. झड आडवी येते. कौलांच्या वळचणीचं पाणी व्हरांड्याच्या कडेवर पडून तुषार आत उडतात. पाटी ओली होते, खडू उमटत नाही. आत मास्तर फळ्यावर लिहितात ते दाराच्या चौकटीतून जेवढं दिसेल तेवढं पाहायचं. शिकवणं कानावर येतं, पण पावसाच्या आवाजात अर्धं विरून जातं. बाप फौजेतून हवालदार, सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, आणि त्याचा मुलगा शिक्षणाच्या उंबऱ्याबाहेर.

पेन्शनर गप्प बसले नाहीत. त्यांनी अर्ज केले, वरपर्यंत दाद मागितली, वर्तमानपत्रांत वाद झाला. शिक्षणासाठी अस्पृश्य पालकांनी एकत्र येऊन, लेखी, सरकारदरबारी केलेल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक. आणि त्याच गावात, त्याच सुमारास, रामजी सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन कुटुंबासह राहायला आले. धाकटा भीम, म्हणजे पुढचे बाबासाहेब, तेव्हा तीन-चार वर्षांचा. त्याच्या बालपणाची पहिली वर्षं या पेन्शनरांच्या वस्तीत गेली. पुढं कुटुंब साताऱ्याला गेलं, आणि तिथल्या शाळेत तो घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसू लागला. व्हरांड्याविरुद्ध भांडणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेलं ते पोर होतं.

शाळेचा वाद तापलेला असताना त्याहून मोठा घाव पडला. 1892 च्या सुमारास हिंदुस्थानी लष्कराची नव्यानं बांधणी सुरू झाली आणि पलटणी जातवार, वंशवार करायचं ठरलं. लॉर्ड रॉबर्ट्स तेव्हा हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जमाती जन्मतःच लढवय्या, बाकीच्या नाहीत, हे त्यांचं ठाम मत. पंजाब, सरहद्द, नेपाळ इकडचे लोक लढवय्ये ठरले. महारांची भरती बंद झाली. ज्यांचे पूर्वज कोरेगावच्या स्तंभावर कोरलेले होते, त्यांना सरकारनं सांगितलं की तुम्ही सैनिक होण्याच्या लायकीचे नाही.

याचा अर्थ काय, हे दापोलीच्या पेन्शनरांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पेन्शन, शाळा आणि सलाम, तिन्हींचं मूळ भरतीत होतं. भरती बंद म्हणजे पुढच्या पिढीला ना पेन्शन, ना शाळा. म्हातारे पेन्शनर एकेक करून जातील आणि नातवंडं पुन्हा खोताच्या दारात उभी राहतील. 1894 मध्ये गोपाळबाबांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’च्या नावे फौजेत पुन्हा भरती करावी यासाठी विस्तृत अर्ज तयार केला. त्यात पूर्वजांच्या नोकरीचा, लढायांचा, निष्ठेचा दाखला होता. रामजी सुभेदारही या बंदीविरुद्ध धडपडले. अर्जाचा मसुदा तयार करायला त्यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांची मदत घेतली, अशी नोंद बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे.

इंग्रज सरकारपुढं अर्ज करणं आज काहींना खटकतं. स्वातंत्र्याच्या लढ्याचा काळ आणि हे परकी फौजेत जागा मागतात, असा आक्षेप घेतला जातो. मला तो आक्षेप पटत नाही. ज्याला गावच्या विहिरीचं पाणी मिळत नाही, त्यानं कुणाच्या राज्याविरुद्ध आधी लढायचं, हे गावच्या विहिरीच्या मालकांनी ठरवू नये. शिवाय गोपाळबाबा इंग्रजांचे भाट नव्हते. सरकारनं दिलेला शब्द सरकारनंच मोडला, हे ते सरकारला तोंडावर सांगत होते.

बंदी उठली नाही. पण त्याच्या पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, एक विलक्षण गोष्ट घडली. लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर तालुका लोकल बोर्डं स्थापन झाली होती. रस्ते, विहिरी, शाळा, दवाखाने यांचा कारभार त्यांच्याकडं. महाड तालुका लोकल बोर्डावर सरकारनं गोपाळबाबांची नेमणूक केली. बोर्डाच्या उच्चवर्णीय सदस्यांना ते सहन झालं नाही आणि प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. ज्या विहिरींवर त्यांच्या जातभाईंना पाणी भरता येत नव्हतं, ज्या शाळांच्या व्हरांड्यात मुलं बसत होती, त्या विहिरी आणि शाळांचा हिशोब ज्या टेबलावर होत असे, त्या टेबलाशी हवालदार वलंगकर सदस्य म्हणून बसले. रावढळहून निघालेल्या पोराचा हा प्रवास फौजेतून कारभारापर्यंत येऊन पोचला. 1900 मध्ये त्यांचं निधन झालं.

दापोलीत जे घडलं ते जगात पुढं पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले घानाचे सैनिक 28 फेब्रुवारी 1948 रोजी अक्रा शहरात मोर्चा घेऊन निघाले. थकलेल्या देण्यांबद्दल इंग्रज गव्हर्नरला अर्ज द्यायचा होता. पोलिसांनी गोळीबार केला, तीन माजी सैनिक ठार झाले, शहर पेटलं आणि 1957 मध्ये तो देश स्वतंत्र झाला. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात मेडगर एव्हर्स हा कृष्णवर्णीय तरुण युरोपच्या युद्धभूमीवरून परतला आणि 1946 मध्ये मतदान करायला गेला. बंदूकधारी गोऱ्यांनी त्याला परत पाठवलं. पुढं तो तिथल्या नागरी हक्कांच्या लढ्याचा मोठा नेता झाला. गणवेश घातलेल्या माणसाला एकदा समान वागणूक मिळाली, की गणवेश उतरवल्यावर ती का मिळत नाही हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाही. आपल्या कोकणात हा प्रश्न या दोघांच्या अर्धशतक आधी विचारला गेला होता, आणि तोही 26 कलमांत.

गोपाळबाबांचा धागा पुढं पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी उचलला. 1903 मध्ये सासवडला सभा, 1908 मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक, 1910 मध्ये थेट विलायतेच्या सरकारकडं अर्ज. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडल्यावर 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच 1921 मध्ये मोडली गेली. 1941 मध्ये, डॉ. आंबेडकर संरक्षणविषयक समितीवर असताना, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. गोपाळबाबांच्या अर्जाला पुरतं उत्तर मिळायला 47 वर्षं लागली.

आणि मार्च 1927. महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. 20 मार्चला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आदल्या दिवशी बाबासाहेबांनी जे भाषण केलं, त्याची सुरुवात मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. दापोली ते महाड हा टापू त्यांनी आठवला. आपलं बालपण इथं गेलं, हे सांगितलं. इथं एकेकाळी निवृत्त सैनिकांची भरभराट होती, अस्पृश्य समाजातल्या जागृतीची सुरुवात इथून झाली, हे सांगितलं. आणि भरती बंद झाल्यावर या भागाची कशी पडझड झाली, तेही सांगितलं. तळ्याकडं निघण्याआधी त्या माणसानं ज्यांचं स्मरण केलं, ते पेन्शनर होते. ज्या महाडच्या लोकल बोर्डावर 1895 मध्ये एका हवालदाराच्या नेमणुकीवरून गदारोळ झाला, त्याच महाडात 32 वर्षांनी हे घडत होतं.

खोतीचा प्रश्नही इथल्याच मातीत शेवटाला गेला. एप्रिल 1929 मध्ये चिपळूणला रत्नागिरी जिल्ह्याची परिषद भरली, बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध आवाज उठवला. 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मोर्चानं मुंबईत आले. कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये. पेन्शनीमुळं काही थोड्यांना खोताच्या हातातून मिळालेली सुटका त्या कायद्यानं सर्व कुळांच्या वाट्याला आली.

दापोलीला आज पर्यटक येतात ते हर्णैची मासळी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि थंड हवेसाठी. कृषी विद्यापीठ आहे, त्याची कलमं घेऊन जातात. यायलाच हवं, गाव सुंदर आहे. पण माझी एक विनंती आहे, विशेषतः दापोली, मंडणगड, खेड, महाड, पोलादपूर या भागातल्या आणि इथून मुंबईला गेलेल्या कुटुंबांना. आपल्या घरात पणजोबा-खापरपणजोबांची फौजेतली कागदपत्रं, पेन्शनीची पत्रं, पदकं, ‘दीनबंधु’चे सुटे अंक, हाताने उतरवलेली पदं पेटीत पडून असतील, तर ती रद्दीत देऊ नका. मोडी लिपीत असली तर वाचणारा शोधा. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवा, फोटो काढून ठेवा, नावं आणि तारखा टिपून ठेवा. गोपाळबाबा वलंगकरांचं सविस्तर चरित्र सर्वसामान्य वाचकाच्या हाती पोचायला हवं. ते लिहायला लागणारा कच्चा माल पुराभिलेखागारांपेक्षा कदाचित तुमच्याच घरच्या ट्रंकेत जास्त असेल.